लातूरहून सांगलीला: घर गावात की विश्रामबागेला?

सांगलीत बदली झालेल्या माणसाला पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारला जातो. नव्या शाखेत हजर झाले त्या दिवशी कॅशियरपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी तो मला विचारला. शहरात राहायचं की उपनगरात, हा प्रश्न कुठल्याही गावात असतो. तिथे भाडं, अंतर, शाळा यांचा हिशेब मांडला की उत्तर निघतं. सांगलीत या हिशेबाच्या आधी कृष्णा नदी आणि तिचा पूर येतो. आणि आमच्या घरात नदीच्या जोडीला सासूबाईंचे गुडघे होते. या दोन गोष्टींनी आमचं घर ठरवलं. ते कसं ठरलं हे सविस्तर लिहिते आहे, कारण मे महिन्यात, रणरणत्या उन्हात इथे घर शोधणाऱ्या बाहेरगावच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही.

आम्ही लातूरचे. आमच्याकडेही घर बघताना पहिली चौकशी पाण्याचीच असते: नळाला किती दिवसांनी येतं, बोअरला उन्हाळ्यात राहतं का, हौद केवढा आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ते पाणी कृष्णेचं. सासूबाईंनी तो उन्हाळा टँकरच्या रांगेत घागरी सरकवत काढला आहे; गुडघे तेव्हापासूनच धरले, असं त्या म्हणतात. त्यामुळे सांगलीची ऑर्डर आली तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. "कृष्णामाईच्या काठाला राहायचं," एवढंच त्यांनी सांगून ठेवलं होतं.

माणसं चार. मी बँकेत. नवरा जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं घरूनच करतो, त्याला एक खोली, सलग वीज आणि चांगलं इंटरनेट हवं. लेक पाचवीत जाणार होती. आणि सासूबाई. त्यांना जिने चढवत नाहीत. चार पायऱ्या कठडा धरून चढतात, पण जिना म्हटला की मध्येच थांबावं लागतं. तळमजला किंवा लिफ्ट, याशिवाय पर्याय नव्हता.

सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्हींची मिळून 1998 पासून एकच महानगरपालिका आहे, त्यामुळे कागदोपत्री सगळं एकच शहर. प्रत्यक्षात जुनी सांगली नदीला धरून आहे: गणपती मंदिर, गावभाग, खणभाग, मारुती चौक, हरभट रोड. तिथून मिरजेच्या दिशेने निघालं की विश्रामबाग लागतं, पुढे विजयनगर, आणि मग दहाएक किलोमीटरवर मिरज. कलेक्टर ऑफिस आणि जिल्हा न्यायालय आता विजयनगरला आहेत. शहराचा भार हळूहळू नदीपासून दूर सरकत चालला आहे, हे रिक्षातून एक फेरी मारली तरी कळतं.

पहिलं घर पाहिलं ते गावातच, मारुती चौकाजवळच्या एका गल्लीत. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर मालक. भाडं आठ हजार. दारातून बाहेर पडलं की किराणा, पिठाची गिरणी, डॉक्टर. भाजी घ्यायला रिक्षाचीही गरज नाही. पटवर्धनांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर. मला स्वतःला नाटकाचं वेड आहे, आणि विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये जिथे पहिला खेळ केला त्या गावात, भावे नाट्यमंदिराला पायी जाता येईल अशा घरात राहायचं, या विचारानेच मी अर्धी तयार झाले होते. सासूबाई तर ओट्याला हात लावून बघत होत्या.

नवऱ्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. बाहेरच्या खोलीत कमरेच्या थोडं वरपर्यंत रंगाला पोपडे आले होते आणि त्याखाली पांढरा लोणा फुटला होता. त्यावरची भिंत स्वच्छ. दोहोंच्या मधली सीमा पट्टी लावून आखावी इतकी सरळ. मग एकेक दिसायला लागलं. लाईटची बटणं खांद्याच्याही वर. मीटरची पेटी जिन्याच्या अर्ध्यावर नेऊन बसवलेली. खालची दारं पीव्हीसीची, वरच्या मजल्यावरची मात्र जुन्या सागवानाची. स्वयंपाकघरात खालच्या बाजूला लाकडाचं कपाट नाही, सगळं ॲल्युमिनियम.

मालक सरळ माणूस. विचारल्याबरोबर छातीला हात लावून म्हणाले, "एकोणीसला हितपतूर आलतं. एकवीसला त्याच्याहून कमी. दरसाल येतंय असं न्हाई ताई, पण येणारच न्हाई असं मी तुम्हाला सांगणार न्हाई. आलंच तर वर आमच्यात यायचं, त्यात काय."

वर जायचा जिना लाकडी आणि उभा होता. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चपला घातल्या.

आमची अडचण तिथेच उघडी पडली. गावात राहायचं तर वरचा मजला घ्यायचा, हे तिथल्या लोकांचं साधं, अनुभवाचं शहाणपण आहे. पण वरचा मजला सासूबाईंना चालत नाही आणि तळमजला नदीला चालत नाही. जुन्या भागातल्या इमारतींना लिफ्ट क्वचितच. एकदोन नव्या अपार्टमेंट पाहिल्या, लिफ्ट होती. पण पुराच्या वेळी वीज बंद केली जाते, तेव्हा लिफ्ट असून नसल्यासारखीच. तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या म्हाताऱ्या माणसाला बोटीत उतरवून आणायचं काम काय असतं, ते माझ्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने स्वतःच्या आईसाठी केलं होतं. तो दत्तनगरला राहतो. त्याने ते सांगितल्यावर लिफ्टचा विषय आम्ही बंद केला.

नदीचं गणितही त्यानेच समजावलं. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2005 मध्ये आणि 2021 मध्ये ती 50 च्या वर गेली होती, 2019 च्या ऑगस्टमध्ये 57 च्याही वर. पाणी आधी नाल्यांतून आत शिरतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड हे भाग पहिल्यांदा. सांगलीत पाऊस पडायलाच हवा असं नाही. इथे ऊन पडलेलं असतं आणि तिकडे कोयनेच्या पाणलोटात कोसळत असतो; धरणातून विसर्ग वाढला की इथे पाणी चढायला लागतं. त्यात खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणाही भरून आली असेल तर कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा येतो. लातूरच्या माणसाला हे नवीन होतं. आमच्याकडे पाऊस पडला तर पाणी, नाहीतर नाही. वर ऊन असताना घरात पाणी येतं ही कल्पनाच सासूबाईंना पटेना.

त्यानंतर घरं बघायची आमची रीतच बदलली. एजंटला "इथे पाणी येतं का?" असं विचारून उपयोग नसतो, "छे छे, ह्या लायनीला कधीच न्हाई" हे उत्तर तयार असतं. मालकालाही घर द्यायचं असतं. मी शेजारच्या किराणा दुकानात जाऊन विचारायला लागले, "एकोणीसला तुम्ही माल कुठं हलवला होता?" या प्रश्नाला कोणी गोलमोल उत्तर देत नाही. हलवला असेल तर माणूस कुठे, कसा, किती पोती भिजली, सगळं सांगतो. नसेल तर "आमच्याकडं काय आलं न्हाई, उलट आमच्याकडंच चार घरं राहायला आलती" असं सांगतो. माणसं स्वतःहून बसायला खुर्ची देतात आणि बोलतात. मला या चौकशीतूनच सांगली कळली.

पूर येत नाही म्हणून उपनगर घ्यावं, तर तिथेही सगळीकडे सारखं नाही. शामरावनगरला एक रो हाऊस मिळत होतं. नवं बांधकाम, पुढे अंगण, गावातल्यापेक्षा एक खोली जास्त आणि भाडं जवळपास तेवढंच. मेमध्ये बघताना दृष्ट लागावी असं घर. पण कंपाउंडच्या भिंतीला तिरप्या भेगा होत्या आणि अंगणातली फरशी एका बाजूला खचली होती. काळी माती. उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. पाया नीट घेतला नसेल तर भिंती बोलायला लागतात. शिवाय रस्ता अंगणापेक्षा वर आणि गटार उघडं, पुढे जाऊन कुठे मिळतं ते दिसेना. समोरच्या घरातल्या बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नदीचं न्हाई येत हो, पावसाचं साचतंय. जुलैत गाडी मेन रोडला लावून चालत यायचं." त्या भागात पाणी साचतं ही तिथली जुनी तक्रार आहे. लेकीची शाळेची रिक्षा दारात येणार नसेल आणि सासूबाईंना चिखलातून चालावं लागणार असेल, तर ती जास्तीची खोली काय कामाची?

मिरजेचा विचार मी माझ्यापुरता बराच केला. मोठं जंक्शन, पंढरपूर, कुर्डूवाडीमार्गे लातूरची गाडी तिथूनच. दवाखान्यांचं तर ते गावच, गुडघ्यांसाठी त्याहून चांगलं ठिकाण शोधून सापडलं नसतं. पण माझी शाखा सांगलीत मार्केट यार्डाच्या बाजूला, हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत घरी यायला रात्र होणार. वडापने किंवा सिटी बसने रोज जाऊन-येऊन करायचं माझ्या जिवावर आलं. माधवनगर आणि कुपवाडला एकेक घर पाहिलं. कुपवाडचं एमआयडीसीत नोकरी असणाऱ्याला सोयीचं, आम्हाला नाही.

राहिलं विश्रामबाग. तिथे भाडी ऐकून नवरा आधी परत फिरायला निघाला होता. दोन बेडरूमला चौदा-पंधरा हजार. माझी भिस्त बँकेच्या लीजवर होती, पण शहराच्या आकारमानाप्रमाणे ठरलेल्या रकमेपर्यंतच बँक भाडं देते, वरचं आपल्या खिशातून. त्यात बँकेशी करार करायचा म्हटलं की काही मालक बिचकतात. कागदपत्रं जास्त, आणि भाडं सरळ खात्यावर, म्हणजे सगळं हिशेबात दाखवावं लागणार. दोन घरं हातातून गेली ती यामुळेच.

एक फ्लॅट सगळ्यांना आवडला होता. शंभर फुटी रोडपासून आत, शांत कॉलनी, झाडं, लिफ्ट, चांगली हवा. नवऱ्याने डिपॉझिटचा चेक काढायचीही तयारी केली. मी म्हटलं, आईंना एकदा इथून एकटीने बाहेर पडून बघू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही त्यांना गेटजवळ सोडलं आणि मागे थांबलो. त्या काठी टेकत निघाल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळी घरं बंद गेटांची, माणसं कामावर. भाजीची गाडी नाही, बसायला कट्टा नाही, देऊळ नाही. कोपऱ्यावर पोचून त्यांनी दोन्हीकडे पाहिलं, कुठे जावं ते ठरेना, आणि परत आल्या. म्हणाल्या, "घर चांगलंय गं. पण मी दिवसभर इथं करू काय?"

घर शोधताना आपण सगळे आपापल्या ऑफिसचं अंतर मोजतो. मी दहा तास घराबाहेर असणार, लेक सहा तास शाळेत, नवरा स्क्रीनसमोर. त्या वस्तीत खरंखुरं राहणार होत्या त्या सासूबाई. लातूरला त्यांच्या दाराशी दिवसभर माणसांचा राबता असायचा. आपल्या नोकरीसाठी आपण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्यातून उपटून आणतो, तेव्हा त्यांच्या पायाला झेपेल एवढ्या अंतरात त्यांचं जग असलं पाहिजे, एवढी जबाबदारी आपली आहे असं मला वाटतं. स्वस्त घर, मोठं घर, माझ्या बँकेजवळचं घर, सगळं त्याच्या नंतर.

त्यामुळे आम्ही विश्रामबागेतच, पण जुन्या वस्तीकडे वळलो. विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजांमुळे या भागाला चांगली वर्षानुवर्षांची वस्ती आहे: निवृत्त प्राध्यापक, त्यांचे बंगले, मुलं पुण्याला किंवा परदेशात. अशाच एका बंगल्याचा तळमजला मिळाला. मालकीणबाई वर राहतात. जोतं उंच, चार पायऱ्या, आणि पायऱ्यांना आधीपासूनच कठडा, कारण त्यांच्या यजमानांनाही तोच त्रास होता. गल्लीच्या तोंडाशी दत्ताचं देऊळ, त्याला लागून पाराचा कट्टा, पुढे दुधाची डेअरी. सकाळी भाजीवाली पाटी घेऊन दारावर येते. किराणावाल्याने माल हलवला नव्हता. त्याच्याकडे 2019 मध्ये पाहुणे आले होते. भाडं साडेतेरा. बँकेच्या कराराला मालकीणबाई तयार झाल्या, कारण पोलीस ठाण्याची माहिती, नोंदणी, सगळं रीतसर झालेलं त्यांना हवंच होतं. नोंदणी कायद्यानेही करावीच लागते, आणि ती जबाबदारी मुळात मालकाची असते, हे बऱ्याच भाडेकरूंना माहीत नसतं.

सासूबाईंची परीक्षा इथेही घेतली. देवळापर्यंत गेल्या आणि बराच वेळ परत आल्याच नाहीत. जाऊन बघितलं तर कट्ट्यावर दोघींबरोबर बसून बोलत होत्या, त्यातल्या एकीचं माहेर उदगीरचं निघालं होतं.

गावातलं राहणं हुकलं याची मला हळहळ आहे, ती लपवत नाही. नाटक सुटल्यावर रात्री गर्दीतून बोलत-बोलत पायी घरी जाणं, संध्याकाळी घाटावर जाऊन बसणं, हे आता ठरवून करावं लागतं. संकष्टीला सासूबाई रिक्षाने गणपतीला जातात, जाऊन-येऊन होणारा खर्च त्यांना खटकतो. गावातलं घर घेतलं असतं तर महिन्याला साडेपाच हजार वाचले असते, आणि आमच्यासारख्या घराला ही रक्कम लहान नाही.

पहिल्या पावसाळ्यात जुलैच्या शेवटी पातळी चढायला लागली. शाखेत सगळ्यांच्या मोबाइलवर दर तासाला आयर्विनचा आकडा. तीस, चौतीस, सदतीस. ग्राहक काउंटरवर पैसे मोजता-मोजता तेच बोलत होते. दत्तनगरच्या सहकाऱ्याचा फोन आला तेव्हा मीच त्याला म्हटलं, आईंना आमच्याकडे घेऊन या. आई आल्या, त्यांच्याबरोबर दोन पेट्या, गॅसची शेगडी, कागदपत्रांची पिशवी आणि शिलाई मशीन. सगळं बांधायची त्यांची सवय बघत राहावी अशी होती: कागदपत्रं प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत, एकात एक, आणि प्रत्येक पेटीवर आत काय आहे त्याची चिठ्ठी. पाणी चाळिसाच्या आत थांबलं आणि आठवड्यात त्या परत गेल्या.

जाताना मी त्यांना विचारलं, तुम्ही इकडे का येत नाही राहायला? त्या म्हणाल्या, "माझी शिवणाची गिऱ्हाइकं तिकडंच हायत. चार भाऊबंद तिकडंच. हितं येऊन कोण वळखतंय मला?" मला त्यांचं म्हणणं पटलं. ज्या कारणासाठी मी गाव सोडून विश्रामबागेला आले, त्याच कारणासाठी त्या दत्तनगर सोडत नाहीत. त्या अजून जिना चढतात, पेट्या उचलतात, वरच्या मजल्यावर जाऊबाई आहेत. जिना चढता येणाऱ्या चौघांचं कुटुंब असतं तर मी स्वतः गावातलाच वरचा मजला भाड्याने घेतला असता. भाड्याच्या घरात पाणी आलं तर माणूस सामान उचलून निघतो.

विकत घ्यायचं म्हटलं की मात्र गोष्ट वेगळी, आणि सध्या घरात तीच चर्चा चालू आहे. बदली परत होईल तेव्हा होईल, सासूबाईंना आता इथून हलायचं नाही. नवरा रविवारी प्लॉट बघत फिरतो. पाटबंधारे खात्याने आखलेल्या पूररेषांचा नकाशा त्याने मिळवला आहे: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी. स्वस्त मिळणारे बरेच प्लॉट गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरी न घेता जमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेले निघतात. त्यासाठी 2001 चा कायदा आहे, 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात आली. पण नियमित झाल्याचा दाखला हातात असल्याशिवाय बँक कर्जाला हात लावत नाही, हे मी रोज टेबलावर बघते. "करून देतो" म्हणणाऱ्याला आम्ही दाखला घेऊन यायला सांगतो. गेल्या रविवारी पाहिलेल्या प्लॉटचा भाव बसत होता, रेषेच्याही बाहेर होता, मातीही बरी. देऊळ आणि दुकान दोन्ही एक किलोमीटरवर होतं. सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत, आणि आम्ही पुढचे अकरा महिने आहे तिथेच राहायचं ठरवून मालकीणबाईंना तसं कळवलं.